कायकाचे माप : माल आणि मजुरी

वाचकहो, बाराव्या शतकात कल्याण नगरीत आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत होते. 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. शरणांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणावेत व त्यावर दासोह चालवावा, हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नित्याहून अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते ओळखले आणि जास्तीचे तांदूळ होते तेथे परत टाकून यायला सांगितले. ही कथा आपण निर्लोभतेचा धडा म्हणून वाचतो. या पाठात ती धंद्याची हिशेबवही समोर ठेवून वाचू.

असे समजा की, आपल्यातलाच एक तरुण इंदूरमध्ये शेव-नमकीनचा लहानसा कारखाना काढू पाहतो. भांडवल मोजकेच आहे. शुद्ध चणाडाळीचे बेसन व चांगले तेल घेतले, तर कारागिरांना पुरेशी मजुरी देता येत नाही. मजुरी नीट दिली, तर बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळण्याचा मोह होतो. मालाचा दर्जा आधी सांभाळावा की मजुरी आधी द्यावी?

पुष्कळ अनुभवी माणसे सांगतील, "आधी माल उत्तम कर. गिऱ्हाईक जमेल, मग पगार वाढव." या म्हणण्यात तथ्य आहे. माल विकला गेला नाही तर मजुरी येणार कोठून? परंतु यातील एक गोष्ट नजरेआड होते. धंदा जमेपर्यंत कमी मजुरीवर राबणारा कारागीर हा मालकाला बिनव्याजी उसने देत असतो. धंदा बुडाला तर त्याचे गेले. तरला तर नफ्यात त्याचा वाटा नाही. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याच्याकडून भांडवल घेणे हे कायक नव्हे.

दुसऱ्या बाजूनेही पाहावे. मजुरी चोख दिली, पण ती भेसळीतून काढली, तर कारागिराचे देणे गिऱ्हाइकाच्या खिशातून चुकवले. शरणांनी सत्यशुद्ध कायकाचा आग्रह धरला. नुलिय चंदय्या दोर वळून विकत. दोराच्या रास्त किमतीहून अधिक आलेले धन त्यांनी नाकारले, अशी कथा आहे. वस्तूचे मोल वस्तूइतकेच, हा त्यांचा दंडक.

शिवाय माल आणि मजुरी या दोन गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापले की बिघडते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलातील ध्रुवीय घटकांची मर्यादा 25 टक्के ठरवली असून ती 1 जुलै 2018 पासून लागू आहे. पण नियम कागदावर असतो. तेल काळे पडले हे प्रथम दिसते ते झारा धरणाऱ्याला. तो महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असेल, किंवा बोललो तर काम जाईल या धाकात असेल, तर तो गप्प राहील. अमेरिकेत 1914 साली हेन्री फोर्ड यांनी दिवसाची मजुरी 5 डॉलर केली, त्याचे एक मोठे कारण कामगार टिकत नव्हते हेच होते. तो दानधर्म नव्हता, हिशेब होता.

मग पुरेशी मजुरी म्हणजे किती? 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने माप घालून दिले : एका कमावत्यामागे तीन माणसांचा आहार, प्रत्येकी 2700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी 20 टक्के. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण इत्यादींसाठी 25 टक्क्यांची भर घातली. किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्कच नाही, हे तत्त्व त्याच न्यायालयाने त्याआधीच, 1950 च्या दशकात, क्राउन अ‍ॅल्युमिनियम वर्क्सच्या निकालात मांडले होते.

राहिलेले देणे किती लांबते, हे इंदूरकरांना सांगायला नको. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकबाकीचा सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी सुपूर्द झाला. सुमारे 4,800 कामगारांचा हा प्रश्न होता. मधल्या तीस वर्षांत कितीतरी जण वाट पाहतच गेले. मिलची कारणे निराळी होती. पण श्रमाचे देणे 'नंतर' वर टाकले की ते 'नंतर' केवढे मोठे होते, हे त्यातून दिसते.

आता लक्कम्मांकडे परत येऊ. त्यांनी तांदळाचा कस कमी केला नाही, दासोह थांबवला नाही. फक्त जास्तीचे परत पाठवले. आपल्या तरुणालाही हीच वाट आहे. माल आणि मजुरी यांत निवड करू नये. धंद्याचा पसारा कमी करावा. चार कढयांऐवजी दोन, आठ कारागिरांऐवजी चार, बारा प्रकारांऐवजी दोनच प्रकारची शेव. दुकानाची सजावट पुढच्या वर्षी. तीन महिन्यांची मजुरी आधी बाजूला काढून मगच बेसनाची पोती आणावीत. भाव खऱ्या खर्चावर लावावा आणि तो का जास्त आहे हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. नफ्यातला मालकाचा वाटा सर्वांत शेवटी. एवढे करूनही मेळ बसत नसेल, तर आणखी काही दिवस दुसऱ्याच्या कढईवर काम शिकावे. त्यात कमीपणा नाही.

वाचकहो, आपला स्वतःचा धंदा असो वा नसो, आज रात्री एक हिशेब करून पाहा. आपल्या घरात, दुकानात, शेतात आलेल्या तांदळांतले जास्तीचे कोणते, आणि ते कोणाच्या अंगणातले? तो सापडला की या पाठाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

शरणु शरणार्थी.