जमीन का हलली, ते सांग

औसा, रविवार

चि. भाचीबाईस,


तुझ्याबद्दल एक गोष्ट कानावर आली आणि तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहितोय. फोनवर माझा आवाज चढतो, तू गप्प होतेस, अक्का मध्ये पडते आणि विषय तिथंच राहतो. कागदावर निदान सगळं बोलून होईल.

लातूरच्या अडतीवर आपल्या गावातला एक जण भेटला. त्याचा मुलगा तुझ्याच वर्गात आहे. तो कौतुकानंच सांगत होता, की हल्लीची पोरं भारी हुशार, बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स दर रविवारी चहा गार व्हायच्या आत उरकतात. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर तयार येतात, ती बघून खुणा करायच्या, व्याख्यान एकही उघडायचं नाही. ‘तुमच्या भाचीनं तर भूकंपाचा कोर्स असाच काढला की,’ म्हणाला. मी हो-हो केलं, सोयाबीनची पट्टी घेतली आणि निघालो. एसटीत बसल्यावर मात्र दिवाळीतली गोष्ट आठवली.

आत्याचे सासरे किल्लारीहून आले होते. जेवायला बसता बसता त्यांनी तुला विचारलं, ‘माय, तू जमिनीचं शिकायलीस म्हणं. मग आमच्याच गावाची जमीन का हालली, सांग बरं.’ तू म्हणालीस, ‘प्लेट्स सरकतात, आजोबा,’ आणि वाढायचं निमित्त करून आत गेलीस. त्यांनी भूकंपाच्या रात्री काय गमावलं, ते आपल्या घरात कुणाला सांगायला नको. तीस वर्षांहून अधिक काळ तो प्रश्न त्यांच्या मनात आहे, आणि विचारायला घरचंच शिकलेलं लेकरू मिळालं होतं. तेव्हा मला वाटलं, लाजलीस. आता भीती वाटते, की तुला सांगता येतच नव्हतं.

30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंतींवरची जड माळवदं निजलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. दख्खनचं पठार स्थिर आहे, आपल्या भागात मोठा भूकंप व्हायचा नाही, असंच तोवर बहुतेक जण धरून चालले होते. प्लेटची सीमा तर इथून कितीतरी लांब, तिकडे हिमालयाकडे. मग धक्का इथं का? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत खोल भोक घेऊन पाहिलं, तेव्हा सुमारे 338 मीटर काळ्या पाषाणाच्या खाली जुना खडक लागला. आपला सगळा भूखंड उत्तरेकडे रेटला जातोय, त्याचा ताण आतल्या जुन्या, कमकुवत भेगांवर येतो आणि कधीतरी तिथं खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. नेमकं किल्लारीलाच का, यावर त्यांच्यात अजून वाद आहेत. एवढं मी, इतिहासाचा माणूस, सांगू शकतो, कारण भूकंपावरची असली व्याख्यानं मी मोबाईलवर लावून पाहिली. फुकट आहेत ती. इंग्रजी भराभर जातं, पुन्हा पुन्हा थांबवून ऐकावं लागतं. पण काय तळमळीनं शिकवतात गं ती माणसं! आणि तू ती उघडलीही नाहीस?

रागावतोय मी, रागावू दे. कोर्सचा हिशोब तुझ्या दादाकडून समजून घेतला. असाइनमेंटचे 25 गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. असाइनमेंटमध्ये 10 आणि परीक्षेत 30 पडले की प्रमाणपत्र. त्यातही बारांपैकी चांगल्या आठच असाइनमेंट धरतात. म्हणजे उत्तरं उतरवून काढली आणि शेवटच्या आठवड्यात जुने प्रश्न पाठ केले, तरी निभावून जातं. तीन क्रेडिट तुझ्या नावावर क्रेडिट बँकेत जमा. एका क्रेडिटमागे 13 ते 15 तासांचा अभ्यास धरलेला असतो, तीन क्रेडिटचे झाले चाळीसेक तास. ते चाळीस तास कुठं गेले, हे ती बँक विचारत नाही. किल्लारीचे आजोबा विचारतात.

ऑनलाइनला नावं ठेवतोय असं समजू नकोस. आयआयटीवाल्यांनी 2003 पासून एनपीटीईएल हा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम चालवला, 2017 मध्ये सरकारचं स्वयं हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आलं, आणि 2021 पासून एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून घ्यायला यूजीसीनं मोकळीक दिली. आपल्या भागासाठी हे किती मोठं आहे, ते मला विचार. कॉलेजांत जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरची बिचारी मुलं कशीबशी वर्ग ओढतात, एखाद्या विषयाला तर सरच नसतात. अशा ठिकाणी आयआयटीतला प्राध्यापक तुझ्या खोलीत येऊन शिकवतो आणि परीक्षेची फी हजाराच्या आसपास. स्वस्त आहे म्हणून त्याची किंमत मी कमी मानत नाही. मला सलते ती घाई. ती दोन दिवसांत प्रमाणपत्र हातात ठेवणारी खासगी ॲपं तर सोडूनच दे, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

माझंच सांगतो. मास्तरकीची नोकरी लागल्यावर मी बी.ए. बहिस्थ केलं. तेव्हा नांदेडचं विद्यापीठ नव्हतं, ते 1994 साली झालं. आमचा फॉर्म औरंगाबादला जायचा. वर्ग नाही, सर नाही, शेजारी बसणारा विद्यार्थी नाही. गाईड आणायचं, वाचायचं आणि परीक्षेला बसायचं. वाचताना अडलं की पान उलटायचं, विचारणार कुणाला? पदवी मिळाली, पगारात वाढ मिळाली, तरी कॉलेजात बसून एखाद्या सरांशी वाद घालायचं राहून गेलं, याची खंत अजून जात नाही. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवायचो. चौथीतलं एक पोरगं, हाताला प्लास्टर, उभं राहून म्हणालं, ‘गुरुजी, जमीन का हालली?’ मी सांगितलं, जमिनीखाली मोठमोठे तुकडे असतात, ते एकमेकांवर आदळतात. ते म्हणालं, ‘मग इथं कुठं आदळले?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि मी ज्याला विचारावं असं माणूसही माहितीत नव्हतं. तुझ्या कोर्सात शंका विचारायची वेगळी जागा असते, दादानं उघडून दाखवली. तिथं कुणीतरी केरळातून विचारतंय, कुणी आसामातून, आणि उत्तरं येतायत. तू एकदा तरी तिथं काही विचारलंस का?

दादानं अमेरिकेतली एक गोष्टही सांगितली. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या विद्यापीठानं 2013 साली एका कंपनीबरोबर 150 डॉलरमध्ये क्रेडिटचे ऑनलाइन कोर्स सुरू केले. पहिल्याच सत्रात निम्म्याहून अधिक मुलं नापास झाली आणि तो प्रयोग थांबवावा लागला. अनेकांचं आधीचंच कच्चं होतं. पण त्या मुलांना निदान कळलं, की आपलं कुठं अडलंय. तू पास झालीस, हीच मला काळजी आहे.

आता जरा शांत होतो. इथवर काल लिहिलं होतं. रात्री अक्काशी बोललो, तिनं सांगितलं, की तू सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतेस, मेसचे पैसे त्यातून भरतेस, आणि आम्हाला कुणाला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली आहेस. सोयाबीनचा भाव पडला म्हणून मागायचं थांबवलंस का माय? मग ते चाळीस तास कुठं गेले, ते मला कळलं. सकाळी सहाला दुसऱ्याच्या पोरांना गणित शिकवून, दिवसभर कॉलेज करून, रात्री कुणाचे डोळे उघडे राहतील? वरचं लिहिलेलं खोडत नाही, कारण ते खरंच वाटतं मला. पण वाचताना मामा चिडलाय असं धरू नकोस. घाबरलाय असं धर. आपल्या घरात विज्ञानाच्या पदवीपर्यंत पोचलेली तू पहिली मुलगी आहेस, आणि तुझ्या हातात नुसता कागद यावा, हे मला सोसवणार नाही.

तेव्हा असं कर. संध्याकाळची शिकवणी सोड. मेसचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन, त्यावर वाद नको. पुढच्या सत्रात कोर्स एकच घे, तोही तुला मनापासून आवडेल तो, परीक्षेची फी माझ्याकडे. झालेल्या कोर्सचं क्रेडिट राहू दे. त्याची व्याख्यानं कुठं जात नाहीत, रोज एखादं पाहा, जेवताना पाहिलंस तरी चालेल. जिथं अडेल तिथं लिहून विचार. इंग्रजी चुकलं तर चुकू दे.

येळवसच्या सणाला नक्की ये. शेतात भज्जी आणि आंबील आहे, किल्लारीचे आजोबाही येणार आहेत. त्यांच्याजवळ जरा बस. तोवर सगळं समजलेलं नसेल तर ‘अजून शिकतेय’ म्हण, ते रागावणारे नाहीत.

रात्री फार जागू नकोस. दूध बंद केलंयस असं अक्का म्हणाली, ते आजपासून सुरू कर. पैसे सकाळीच पाठवलेत, मिळाले की कळव.

तुझा,
मामा