उन्हाळ्यात दगड उलथू नका

मे महिना लागला की शिरोली एमआयडीसीत भट्टीजवळ राबणारी तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी गाड्या काढतात आणि आजऱ्यावरून आंबोली गाठतात, साप-बेडूक बघायला. ही आवड चांगली आहे, ती वाढावी असंच मला वाटतं. पण या भटकंतीच्या अनुभवाने माझं एक मत पक्कं झालं आहे: उन्हाळ्यात दगड उलथून शोध घेणं पूर्ण बंद व्हायला हवं. पावसाळ्यात आसरा गेलेल्या जीवाला आजूबाजूला ओल तरी मिळते. मे महिन्यात सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, तव्यासारखा तापलेला असतो आणि उरलीसुरली ओल दगडाच्या बुडाशी असते. नीट बसलेला जांभ्याचा दगड वाकून बघा. त्याच्या कडेने मातीची बारीक सांध जमलेली असते, तिच्यात वाळल्या गवताच्या मुळ्या गुंतलेल्या असतात, त्यामुळे गरम वारा आत शिरत नाही. दगड उचलला की ती सांध तुटते. मग दगड कितीही जपून परत ठेवा, फट राहतेच, आणि खालची माती दिवसभरात सुकते.

सड्यावर असे दगड म्हणजे काही जीवांचं सगळं घरदार आहे. आंबोलीचा भेक शास्त्राला 2009 साली नवी जात म्हणून कळला आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. तोवरचे कोरडे महिने त्याला दडूनच काढावे लागतात. रत्नागिरीच्या सड्यांवरून 1963 मध्ये वर्णन झालेली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल सुट्या दगडांखालीच राहते. देवगांडुळाची एक जात तर आंबोलीतूनच 2003 मध्ये जगापुढे आली; तो ओल्या मातीत आणि दगडांखाली राहणारा, पातळ कातडीचा उभयचर. उन्हाळा हा अनेक सापांच्या अंड्यांचाही काळ. सापाच्या अंड्यातला गर्भ आतून कवचाला चिकटलेला असतो. अंडं हाताळताना फिरलं तर तो मरू शकतो, आणि वरून अंडं पूर्वीसारखंच दिसतं.

यावर पहिला आक्षेप येतो की अभ्यासक दगड उचलतातच ना? उचलतात, पण परवानगी घेऊन, मोजक्या जागी, नोंदी ठेवून. हौशी माणसं एकाच प्रसिद्ध सड्यावर सुट्टीमागून सुट्टी येतात आणि तेच दगड पुन्हा पुन्हा उलथले जातात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हात न लावता काहीच दिसत नाही, आणि न दिसलेल्यावर माणसाचा जीव जडत नाही. मला तो अर्धाच पटतो. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन पायवाटेने सावकाश चाललं तर पाली, बेडूक, हिरवा चापडा आपणहून दिसतात. त्यासाठी लागते ती सबुरी. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर तर बेडकांच्या आवाजावरूनच माग लागतो. बेडूक हातात घेण्याचा मोह मात्र टाळा. तो कातडीतूनही श्वास घेतो, आणि आपल्या हाताला लागलेलं डास पळवायचं मलम त्याला बाधतं. फोटोसोबत नेमकी जागाही जाहीर करू नका.

कायदाही इथे सैल नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हीही शिकारच, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी विस्कटणंही त्याच व्याख्येत येतं. पण मला कायद्यापेक्षा बोटांची काळजी जास्त वाटते. दगडाखाली घातलेला हात फुरशाला दिसतो, हाताला फुरसं दिसत नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्याच्या विषासाठी वेगळं प्रतिविष मिळत नाही. शिवाय आंबोलीहून सावंतवाडी गाठायची तर सगळा घाट उतरावा लागतो. दंश झालाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, तोंडाने विष ओढू नका. अवयव हलू न देता थेट रुग्णालयात न्या.

आणि साप बघायला दर वेळी घाटच कशाला हवा? शिरोलीच्या भोवती उसाची शेतं आहेत, कारखान्यांच्या मागे टाकाऊ वाळूचे आणि भंगाराचे ढीग आहेत. उंदीर तिथे, म्हणून धामण, नाग आणि घोणसही तिथे. यांची ओळख कामगाराला आधी झाली पाहिजे, कारण रात्रपाळीला भंगारात हात घालणारा तोच असतो. तेव्हा या उन्हाळ्यात बाहेर पडाल तर विजेरी, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा नंबर सोबत ठेवा, आणि दगड आहेत तिथेच राहू द्या.