कॉलेजच्या ट्रॅकआधी

प्रश्न : मी दहावीत आहे, ३००० मीटर धावते. पुण्यात कॉलेजकडून धावायचंय. तयारी कशी करू?

उत्तर : अकरावी-बारावीत तुझ्या स्पर्धा शालेयच असतील, १९ वर्षांखालील गटात. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बारावीनंतर. तिथे ५००० आणि १०,००० मीटर असतात. म्हणून आत्ता पाया घाल. आठवड्यातून एकदा सणस मैदानाच्या ट्रॅकवर वेग. बाकी दिवस वेताळ टेकडीच्या मातीवर, गप्पा मारता येतील इतकं सावकाश. नडगी दुखली तर थांब. पाळी चुकू लागली तर मात्र अजिबात अंगावर काढू नकोस, बहुतेकदा खाणं कमी पडत असतं, डॉक्टरांना भेट. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळला तो बारावीनंतर, सैन्यात गेल्यावर. तुझ्या हाती भरपूर वेळ आहे, बाळा.