मोबाईल फोन आणि शरीराची हालचाल

मोबाईल फोन ज्या घरी नाही असे घर हल्ली विरळाच. परंतु आपले अंग किती अंशांनी वाकले, हेही हे यंत्र सांगू शकते याची कल्पना पुष्कळांस नसते. सबब त्याविषयी थोडेसे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

फोनच्या आत त्वरणमापक नावाचे अतिसूक्ष्म साधन असते. त्यात सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा नाजूक स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला वा कलला की तो किंचित सरकतो, आणि ते सरकणे विजेच्या साहाय्याने मोजले जाते. हा आकडा पाहण्यास जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेले, २०१६ साली निघालेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप उपयोगी पडते.

आम्ही वर्गात पुढील प्रयोग केला. फोन मांडीस पट्ट्याने उभा व घट्ट बांधावा. ताठ उभे असता फोनच्या लांबीच्या दिशेचा आकडा सुमारे ९.८ येतो, हे गुरुत्वाकर्षणाचे माप होय. सावकाश गुडघे वाकवावे. मांडी ६० अंश कलली की आकडा ४.९ होतो, कारण ६० अंशांची कोज्या अर्धा आहे. मांडी आडवी झाली की शून्य. सोबत्याने आकडा मोठ्याने वाचला म्हणजे वाकणाऱ्यास आपली चूक तत्काळ सुधारता येते. यालाच प्रत्याभरण म्हणतात. मात्र हालचाल जलद केल्यास तिचे त्वरणही आकड्यात मिसळते व कोन चुकतो. तेथे वळण्याचा वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपची जोड लागते.

या प्रयोगात आमच्या हातून एक प्रमाद घडला. एका विद्यार्थ्याचा गुडघा दुखत होता, तरी ४.९ गाठण्यासाठी तो वाकतच राहिला. आणि आम्हीही आकड्याकडेच पाहत होतो. त्याचा चेहरा दिसला तेव्हा आम्ही प्रयोग थांबविला. फोनला कोन कळतो, कळ कळत नाही. पालकांनीही हे ध्यानी ठेवावे, आणि दुखणे असल्यास प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा.

शरीर ही परमेश्वराने आपल्या हाती दिलेली ठेव आहे. तिची निगा राखण्यास यंत्राचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु आकड्याआधी शेजाऱ्याच्या मुखाकडे पाहण्यास विसरू नये.