खारेपाटाचे दोन राखणदार

मुलांनो, सह्याद्रीचा काळा कातळ आणि भाताचे कोवळे रोप यांचे नाते काय? रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांच्या खाडीकाठी याचे उत्तर मिळते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा कातळ बनला. ऊन, वारा व पाऊस यांनी तो झिजला. पेणची भोगावती आणि रोह्याची कुंडलिका या नद्यांनी त्याचा गाळ खाडीकाठी आणून टाकला. याच गाळाच्या भूमीत आज भात पिकते. तिला खारेपाट म्हणतात.

परंतु ही भूमी उधाणाच्या पातळीहून सखल आहे. दर साडेबारा तासांच्या सुमारास समुद्राचे पाणी खाडीत चढते. ते शेतात शिरले तर? एरवी मुळांतील रस मातीतील पाण्याहून गाढा असतो. म्हणून पाणी मुळांत ओढले जाते. माती खारट झाली की ही ओढ उलटते. मग भोवती पाणी असूनही रोप तहानेने सुकते.

यासाठी पूर्वजांनी मातीचे बांध घातले व त्यांत उघाड्या बसविल्या. उघाडीचे दार भरतीच्या दाबाने मिटते. ओहोटी लागताच आतील पावसाचे पाणी ते लोटून बाहेर पडते व शेतातील मीठ धुऊन नेते. गावकरी मिळून बांधाची डागडुजी करीत; या रीतीस ‘जोळ’ म्हणत. पुढे १९४८ साली व पुन्हा १९७९ साली खारभूमीसाठी कायदे झाले आणि शासनाने या कामास हात घातला.

दुसरा राखणदार बांधाबाहेरील चिखलात उभा असतो. तो म्हणजे तिवर. चिखलात हवा नसते. म्हणून त्याची मुळे खुंट्यांसारखी वर येऊन श्वास घेतात. अंगातील जादा मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. लाटांचा जोर या झाडीत मोडतो. सरपणासाठी ती तोडली, तर लाट थेट बांधावर आदळते व त्यास खांड पडते. एका रात्रीत शिरलेले मीठ धुऊन निघण्यास मात्र अनेक पावसाळे लागतात.

बांध मनुष्याने घातला, तिवर निसर्गाने उभा केला. दोघांनाही जपावे, तरच ताटात भात पडेल.

स्वाध्याय
१. खाऱ्या पाण्यात भाताचे रोप का सुकते?
२. उघाडीचे कार्य तुमच्या शब्दांत लिहा.
३. तिवराची मुळे चिखलाबाहेर का येतात?