रोमन नाण्याची पारख

सोलापूरच्या उत्तरेस, धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते तुम्हांला ठाऊक असेल. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव होते तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात, तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरात जात असे, अशी नोंद आहे. त्याच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी येत.

रोमच्या चांदीच्या नाण्याला ‘देनारियस’ म्हणत. भारतात सापडलेल्या देनारियसांत ऑगस्टस व टायबेरियस या सम्राटांची नाणी फार मोठ्या संख्येने आहेत. तेलंगणातील अक्कनपल्ली येथे तर अशा नाण्यांचा दीड हजारांहून मोठा साठा मिळाला.

या नाण्यांवर काय दिसते? पुढच्या बाजूस सम्राटाचे मस्तक व त्यावर विजयाची खूण असलेली पानांची माळ. ऑगस्टसच्या एका नाण्याच्या मागे गायस व लुसियस हे त्याचे नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत. ‘हे माझे वारस’, असेच जणू सम्राट सांगतो. टायबेरियसच्या नाण्यामागे बसलेली स्त्री आहे. तिच्या एका हाती राजदंड, दुसऱ्या हाती शांतिसूचक फांदी. वृत्तपत्रे नसलेल्या त्या काळी नाणे हाच राजाचा जाहीरनामा होता.

आपल्या व्यापाऱ्यांना मात्र त्या वारसांशी काय कर्तव्य? त्यांना हवी होती चोख चांदी, आणि ही चित्रे म्हणजे चोख चांदीची ओळख. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने नाण्याचे वजन घटवले व चांदीत तांबे वाढवले. त्यानंतरचे देनारियस भारतात फारच थोडे सापडतात. चित्र कितीही सुबक असले, तरी धातू खोटे बोलत नाही!

ही पारख आर्किमिडीजच्या तत्त्वाने करता येते. समजा, ३.७८ ग्रॅमचे नाणे पाण्यात ०.३६ ग्रॅमने हलके भरले. ३.७८ ला ०.३६ ने भागा. उत्तर येते १०.५, म्हणजेच शुद्ध चांदीची घनता. तेवढ्याच वजनाचे नाणे ०.४० ग्रॅमने हलके भरले, तर उत्तर ९.४५ येईल. तांब्याची घनता सुमारे ८.९ आहे, तेव्हा भेसळीचा संशय घ्यावा.

आपल्याकडेही १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. घरात त्याआधीचा व नंतरचा रुपया असेल, तर शिक्षकांच्या मदतीने दोन्हींची घनता काढून पाहा.