शिडाच्या जहाजावरील सागरी शिक्षण

उपग्रहांच्या साहाय्याने भर समुद्रात जहाजाचे स्थान क्षणार्धात समजते आणि इंजिनाच्या बळावर वाऱ्याची फारशी तमा न बाळगता इच्छित दिशेने जाता येते. अशा काळात नौदलाच्या भावी अधिकाऱ्यांना दोर ओढून शिडे उभारावयास का शिकवावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. उंच डोलकाठीवर चढणे व वादळात शिडे आवरणे ही जोखमीची कामे असल्याने तो जीविताचाही आहे. भारतीय नौदलाने ‘तरंगिणी’ व ‘सुदर्शिनी’ ही दोन प्रशिक्षण जहाजे बाळगून या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

गोव्यात बांधलेली जहाजे

‘तरंगिणी’ची बांधणी वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये करण्यात आली. तिचा आराखडा ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन मुडी यांनी तयार केला होता. १ डिसेंबर १९९५ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ११ नोव्हेंबर १९९७ रोजी ती नौदलात दाखल झाली. सुमारे ५४ मीटर लांबीच्या या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत. पुढील दोन डोलकाठ्यांवरील आडव्या काठ्यांना चौकोनी शिडे लावलेली असतात. मागील डोलकाठीवरील शिडे मात्र जहाजाच्या लांबीच्या दिशेने असतात. अशा जहाजास ‘बार्क’ म्हणतात. त्याच गोदीत बांधलेली ‘सुदर्शिनी’ २७ जानेवारी २०१२ रोजी नौदलात आली. तिची शिडे वीस असून त्यांच्यासाठी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचे दोर लागतात. दोन्ही जहाजांचा तळ कोची येथे आहे.

वारा हाच शिक्षक

चौकोनी शिडांना पाठीमागून येणारा वारा विशेष अनुकूल असतो. वारा समोरून आल्यास जहाजाला थेट पुढे जाता येत नाही. प्रथम एका बाजूस व नंतर दुसऱ्या बाजूस वळत, नागमोडी मार्गानेच अंतर कापावे लागते. प्रत्येक वळणाच्या वेळी आडव्या काठ्या फिरवाव्या लागतात. एका बाजूचे दोर ओढले जात असतानाच दुसऱ्या बाजूचे दोर बेताने सैल सोडावे लागतात. एका गटाकडून क्षणाचा विलंब झाला तरी जहाजाची गती मोडते व वळण फसते. आज्ञा नेमकी का द्यावी आणि ती तत्काळ का पाळावी, हे प्रशिक्षणार्थींना येथे स्वानुभवाने कळते. वाऱ्याचे हे गणित कोकण किनाऱ्याला नवे नाही. मराठ्यांच्या आरमारातील गुराबा व गलबते वाऱ्याच्याच बळावर लढली आणि मचव्यांवरील तांडेलांनी तेच ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले.

‘पामीर’चा धडा

या शिक्षणातील धोका किती गंभीर असू शकतो, हे १९५७ साली जगाला दिसून आले. ‘पामीर’ हे जर्मन प्रशिक्षण जहाज ब्वेनोस आयर्सहून जवाचा माल घेऊन मायदेशी परतत असता २१ सप्टेंबर रोजी अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येस चक्रीवादळात सापडून बुडाले. जहाजावरील ८६ जणांपैकी केवळ ६ जण वाचले. मृतांमध्ये अनेक तरुण प्रशिक्षणार्थी होते. जहाज कलताच सैल भरलेले धान्य एका बाजूस सरकले, हे दुर्घटनेचे एक प्रमुख कारण असल्याचे चौकशीत दिसून आले.

तथापि, या आघातानंतरही पश्चिम जर्मनीने शिडावरील शिक्षण सोडले नाही. १९५८ साली ‘गोर्ख फोक’ हे नवे जहाज तेथील नौदलात दाखल झाले. ते मालवाहतुकीसाठी नव्हते, केवळ शिक्षणासाठी होते. ‘तरंगिणी’ व ‘सुदर्शिनी’ याच प्रकारात मोडतात. त्यांना साहाय्यक इंजिनांचीही जोड आहे. शिक्षण व नफा यांची सांगड घातली की सुरक्षिततेस बाध येण्याचा संभव असतो, हा ‘पामीर’चा धडा होय.

जगप्रवास

२००३-०४ मध्ये ‘तरंगिणी’ने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा मान मिळविणारे ते भारतीय नौदलाचे पहिले जहाज ठरले. २०१२-१३ मध्ये ‘सुदर्शिनी’ने आग्नेय आशियातील देशांना भेट देऊन भारताचे जुने सागरी संबंध नव्याने दृढ केले.

या जहाजांवर शिकलेले बहुतेक अधिकारी पुढे इंजिनाच्या युद्धनौकांवरच काम करतात. शिडे उभारण्याचे कौशल्य त्यांना तेथे क्वचितच लागते. परंतु यंत्र बंद पडल्यास समुद्र कसा वागतो आणि आपल्या हातातील दोरावर इतरांचे प्राण कसे अवलंबून असतात, याची जाण त्यांच्या अंगी बाणलेली असते. पुस्तकातून न मिळणारी ही जाण हेच शिडाच्या जहाजावरील शिक्षणाचे खरे फलित आहे.